ऐकल्यापासूनचं सुतक

बायनाबाई बुधवारी सकाळी सहाच्या सुमारास वारली. तिचा एकुलता एक मुलगा मुखरू त्या वेळी गावापासून दोन कोसांवर, जंगलात येनाच्या म्हणजे ऐनाच्या झाडांवरचे तसर रेशमाच्या कोशाचे किडे राखत होता. त्याला कोणी कळवलं नाही.

तो निर्णय रंभाचा नव्हता. रंभा म्हणजे मुखरूची बायको. ती सासूचे पाय सरळ करत असताना श्रीहरीभाऊ दारात येऊन उभा राहिला. टोल्यातल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, कोसा पाळणाऱ्यांचा तो म्होरक्या. गुडघे गेल्यापासून तो स्वतः जंगलात जात नसे, त्याचा मुलगा बापूराव जाई. पण कोणाची अळी कोणत्या झाडावर चढवायची, हे अजून तोच सांगे. त्याने बायनाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "मुखरूले सांगाचं नाई."

रंभाला आधी वाटलं, आत्ता लगेच सांगायचं नाही, असं त्याला म्हणायचं आहे.

"दुपारपर्यंत तं यायलेच पायजे त्याइनं. माती कोण देईन?"

"देवाजी देईन. चुलतभाऊ हाय, हक्क हाय त्याचा. त्याच्या राखणीत पयलेपासून त्याचा साळा हाय."

"त्याइची माय हाय, भाऊ."

"अन् किडे सगळ्या टोल्याचे हायेत. दहा-बारा दिसात कोसे खाली उतरतीन. मंग सांगू. बायनाबाईले आता का घाई हाय?"

१९८५ सालचा ऑक्टोबर होता. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, पण आरमोरीच्या पूर्वेला जंगलाच्या कडेला असलेल्या पाथरटोल्यापर्यंत त्यातली फाट्यावरची नवी पाटी तेवढी पोचली होती. टोल्यातली घरं बहुतेक ढिवरांची. तलावात मासे धरायचे आणि जंगलात कोसा पाळायचा, हे दोन धंदे. दुसऱ्या धंद्याचे नियम कडक. अळ्या झाडावर चढल्या की ज्याची त्याची येनाची झाडं ही त्याची राखण. कोसे खाली उतरेपर्यंत माणसाने तिथेच झोपडीत राहायचं. दाढी करायची नाही, मासळी-मटण खायचं नाही, तेल-हळद खायची नाही. बाईमाणसाने आत पाय टाकायचा नाही. घरचं जेवण नाल्याकाठच्या शेंदूर लावलेल्या दगडापर्यंत आणायचं, तिथून त्याने घेऊन जायचं.

आणि सुतकात असलेल्याने अळीला हात लावायचा नाही. मात्र सुतक मेल्यापासून धरत नसत, ऐकल्यापासून धरत. हा नियम पूर्वी कोणाच्या तरी सोयीसाठी झाला असेल. आज तो श्रीहरीभाऊच्या कामाला आला.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, अंगावर चांदीसारखे ठिपके. या टप्प्यात त्या रात्रंदिवस खातात. एक झाड बोडकं झालं की फांदीसकट काढून दुसऱ्या झाडावर चढवाव्या लागतात. माणूस दोन दिवस हलला तर कावळे, मुंग्या आणि गांधीलमाश्या काही शिल्लक ठेवत नाहीत. दुसरा माणूस द्यावा तर ज्याची त्याची राखण. त्यातून मुखरूची राखण बियाण्याची. तिथले चांगले कोसे पुढच्या पिकासाठी घरोघर वाटले जात. ती राखण त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आली होती, आणि तिच्या जोरावर या घराचा टोल्यात मान होता.

दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, देवाजीने माती दिली. परत येताना प्रश्न निघाला जेवणाचा. सुतकाच्या घरचं अन्न राखणीत कसं जाणार? श्रीहरीभाऊने तेही ठरवून ठेवलं होतं. बापूरावची बायको वच्छला नवऱ्याचा आणि मुखरूचा, दोघांचा स्वयंपाक करील. गुरं राखणारा कोलू डबे नेईल. पण रोज रंभा जात होती, ती दिसली नाही तर मुखरूला संशय येईल. म्हणून रंभाने कोलूच्या मागून चालत जायचं, डब्याला हात लावायचा नाही, दगडापासून दूर उभं राहायचं.

"अन् इचारलं तं?" रंभाने विचारलं.

"हाय म्हणाचं," श्रीहरीभाऊ म्हणाला.

"हाय म्हणू?"

"खोटं का हाय त्यात? इथीच तं हाय, तलावाच्या पाळीवर." कोलू हे म्हणाला आणि वच्छलाने त्याला डोळे वटारून गप्प केलं.

संध्याकाळी दोघं निघाली. मुखरू नाल्याच्या पलीकडे आधीच येऊन बसला होता. दाढी वाढलेली, गळ्यात कावळे हाकायची गुलेर, कमरेला मातीच्या गोळ्यांची पिशवी. तो खुशीत होता.

"आज तू काऊन आला गा, कोलू? बायको पळवतं का माही?"

"रंभाबाईच्या पायात काटा गेला. मी म्हणलं, डबा मी घेतो."

"माय कशी हाय व?"

रंभाने पदर नीट केला. "हाय."

"तिले सांग, असे किडे मी जन्मात पाह्यले नाई. पानं खाताना आवाज येते, पाऊस पडल्यावानी. म्हणा, तुह्या हातची अंडी हायेत."

त्याने डबा उचलला आणि झाडांत शिरला. परतताना रंभा पुढे चालत होती. मागून कोलू म्हणाला, "हाय म्हणलं तं एवढं का झालं?"

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा डबा दगडावर ठेवलेला होता. कोलूने झाकण काढून पाहिलं तर अर्धी डाळ तशीच. मुखरू नाल्यापलीकडे उभा होता, बसला नव्हता.

"डाळ काऊन ठेवली?" कोलूने विचारलं.

"भूक नव्हती."

मग तो रंभाकडे पाहून म्हणाला, "लाखोरी भाजून नाई टाकली का?"

तेल नाही, हळद नाही, फक्त मीठ-मिरचीची डाळ. तिच्यात चव ती काय असणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण बायनाबाईच्या घरात लाखोरीची डाळ आधी खापरावर भाजत, मग शिजवत. वच्छला भाजत नव्हती. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, रंभाच्यासुद्धा.

"इसरली," ती म्हणाली.

मुखरूने कोलूच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग रंभाच्या रिकाम्या हातांकडे. "बरं," म्हणाला आणि डबा घेऊन गेला. आई कशी आहे, हे त्याने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही विचारलं नाही. राखणीत उतरल्यापासून एकही दिवस असा गेला नव्हता. रंभाला कळलं की त्याला कळलं आहे. आणि त्याला कळलं आहे हे आपल्याला कळलं, हेही तो जाणून आहे. दोघं नाल्याच्या दोन बाजूंना उभी राहून मुंग्यांबद्दल बोलली.

त्याच संध्याकाळी घरात कोशातून पाखरू, म्हणजे पतंग, निघालं.

बियाण्याच्या कोशांच्या माळा पावसाळ्यात आढ्याला टांगत. त्यातली सगळी पाखरं ऑगस्टातच निघून गेली होती. एक माळ मात्र बायनाबाईने काढू दिली नव्हती. मागाहून फुटणारा एखादा कोसा असतो, असं ती म्हणे. रंभा दिवा लावत असताना एका कोशाचं तोंड ओलं झालं, आतून तपकिरी पाय आले आणि चुरगळलेल्या कापडासारखं काही बाहेर लोंबलं. दिव्याची वात दोनदा सारेपर्यंत त्याचे पंख उलगडले. मादी होती. पिवळी, दोन तळव्यांएवढी, प्रत्येक पंखावर काचेसारखा गोल डोळा. ती उडाली नाही. माद्या उडत नाहीतच फारशा. सुतकात हात लावायचा नाही, म्हणून रंभाने तिला तशीच राहू दिली. सकाळी पाहिलं तर जंगलातून आलेला लालसर नर तिला चिकटून बसला होता.

त्या मादीकडे पाहताना रंभाला ऑगस्टातली ती दुपार आठवली, आणि मग ती डोक्यातून जाईना.

ऑगस्टात नागभीडकडचा रामटेके नावाचा तरुण कर्मचारी तसर केंद्रातून सूक्ष्मदर्शक घेऊन आला होता. अंडी घालून झालेली प्रत्येक मादी खलात कुटायची, तिचा थेंब काचेवर घेऊन पाहायचा. रोगाचे दाणे दिसले तर तिची अंडी जाळायची. आईत रोग असेल तर तो अंड्यांतून पिलांत उतरतो, हे तो समजावून सांगे. बायनाबाई त्याला चहा देई, ऐकून घेई आणि मान डोलावी. पण त्या दुपारी, तो यायच्या आधी, तिने त्याच माळेतल्या सहा-सात माद्या भाताच्या टोपलीखाली झाकून ठेवल्या.

"बाई, हे का करून राह्यल्या?" रंभाने विचारलं होतं.

"जिनं आताच अंडी घातली, तिले खलात कुटतेत. बाळंतिणीले कोणी कुटते का व? तिले तोंड नाई, खात नाई, पीत नाई. चार दिसाची पाहुणी. मरू दे तिले झाडावर."

"अन् अंडी?"

"अंडी मिसळतीन. माह्या हातानं आजवर खराब निघाली का?"

संध्याकाळी तिने अंडी घालायला ठेवताना पंख छाटलेल्या त्या माद्या एकेक करून परसातल्या येनाच्या खोडावर ठेवल्या. वळून रंभाकडे पाहिलं. "तू पाह्यलं नाई." रंभाने पाहिलं नाही. ती अंडी दोन राखणींत गेली. मुखरूच्या आणि बापूरावच्या.

शनिवारी सकाळी कोलू धावत आला. बापूरावच्या झाडांवर अळ्या उलट्या लटकल्या होत्या. मागच्या पायांनी फांदी धरलेली, डोकं खाली, तोंडातून काळसर पाणी. मुखरूच्या राखणीतही तेच, जरा कमी. देवाजीच्या राखणीत काही नाही. देवाजीने अंडी थेट केंद्रातून आणली होती, हे त्या क्षणी कोणाला आठवलं नाही. सगळ्यांना एवढंच दिसलं की जिथे जिथे रंभा आणि कोलू डबे घेऊन गेले, तिथेच अळ्या लटकल्या.

दुपारी श्रीहरीभाऊच्या अंगणात माणसं जमली. रंभाला बाहेर, तुळशीपाशी उभं केलं.

"एकच सांग," श्रीहरीभाऊ म्हणाला. "मुखरूले कळलं का?"

"मी सांगितलं नाई."

"तू सांगितलं का ते इचारलं नाई. त्याले कळलं का?"

देवाजी म्हणाला, "भाऊ, त्याले माहीत झालं अन् तरी त्यानं किड्याले हात लावला, तं पुढच्या साली राखण त्याच्याकडे राहाची नाई. हे आपलं जुनं हाय."

"अन् माहीत नसलं, तं हे बाई सुतकात नाल्यापावतर गेली त्याचं हाय," वच्छला आतून म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. बापूराव तिचा नवरा. "मीनं म्हणलंच होतं, तिले पाठवू नोका."

"पाठवलं कोणं?" रंभाच्या तोंडून निघून गेलं. "मी जाते म्हणली होती का?"

श्रीहरीभाऊने तिच्याकडे पाहिलं नाही. "सोमवारी बसू. तोवर रामटेके साह्यबाले निरोप देला हाय. पण बाई, तू तयारीत राहाय. होय का नाई, एक सांगा लागन."

होय म्हटलं तर राखण जाणार, आणि नवरा सुतकात अळ्यांना हात लावणारा ठरणार. नाही म्हटलं तर दोष तिचा, आणि सुतक घेऊन फिरणाऱ्या बाईच्या घरात तरी बियाण्याची राखण कोण ठेवणार? तिसरं उत्तर होतं. ते तिच्या एकटीजवळ होतं, आणि ते ज्या बाईवर जात होतं तिला पुरून चार दिवसही झाले नव्हते. त्यात आणखी एक गोष्ट होती. लटकल्या नाहीत त्या अळ्या कोसे बांधणारच. ते कोसे माळा करून आढ्याला चढणार. रोग आईतून आलेला असला तर पुढच्या पिकात तो घरोघर जाणार होता, देवाजीच्याही.

रामटेके रविवारी सकाळी सायकलने आला. त्याने राखणीबाहेर आणून ठेवलेल्या लटकलेल्या अळ्या चिमट्याने डबीत भरल्या, बाकीच्या चुना टाकून खोल पुरायला सांगितल्या.

"हा दोन-तीन रोगांपैकी कोणताही असू शकतो," तो मग अंगणात येऊन श्रीहरीभाऊला म्हणाला. "नुसत्या डोळ्यांनी मी सांगणार नाही. पाऊस आणि ऊन एकदम आलं तरी अळ्या अशा लटकतात. बियाण्याच्या माद्या तर मी स्वतः तपासल्या होत्या."

"सगळ्या?" रंभाने विचारलं.

ती कुंपणापाशी उभी होती. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, वरून दुसरा द्रोण झाकलेला. सुतकात हात लावायचा नाही हा नियम तिने घरीच मोडला होता.

"सगळ्या नाई, साह्यब. सहा-सात झाकून ठेवल्या होत्या. टोपलीखाली. त्याइची अंडी यातच गेली."

"कोणी ठेवल्या?"

"बाईनं."

श्रीहरीभाऊच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

"मेलेल्या माणसावर टाकून राह्यली का?" तो सावकाश म्हणाला. "तिनं पन्नास साल या टोल्याले अंडी देल्ली. तुह्या लग्नातलं लुगडं त्याच कोशाचं हाय, बाई."

"माहीत हाय."

"मंग ऑगस्टातच काऊन नाई बोलली?"

"ती होती तवा..." रंभा म्हणाली. तिने द्रोण रामटेकेसमोर धरला. "हे त्याच माळेतली हाय. शुक्रवारी निघाली. अंडी भिंतीवर घातली हायेत. हिले कुटून पाहा."

रामटेकेने वरचा द्रोण उचलला. मादीने पंख मिटले नव्हते. डोळ्यांसारखे चारही ठिपके वर होते.

"हिच्यात निघालं तर बाकीच्यांतही असणार असं नक्की म्हणता येत नाही," तो म्हणाला. "पण शक्यता वाढते. सूक्ष्मदर्शक केंद्रात आहे. पाहून निरोप देतो. तोपर्यंत बियाण्याला एकही कोसा ठेवू नका."

"अन् नाई निघालं तं?" श्रीहरीभाऊने विचारलं. त्याचे डोळे रंभावर होते.

रामटेकेने द्रोण सुतळीने बांधून सायकलच्या पुढच्या पिशवीत उभा ठेवला आणि तो गेला.

त्या दुपारी रंभा नाल्यावर एकटीच गेली. जेवणाची वेळ नव्हती. जाताना तिने मनाशी हिशोब नीट लावला होता. आज आपण उघड सांगितलं तर त्याचं सुतक आजपासून. आज ऐकलं याचा अर्थ काल ऐकलं नव्हतं. मग सोमवारी त्याच्यावर काही येत नाही, राखण राहते. उरलेल्या अळ्या कावळे खातील, तर खावोत.

तिने हाक मारली. बऱ्याच वेळाने मुखरू झाडांतून आला. डोळे लाल, हातांना चुना लागलेला. नाल्याला पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं.

"माय गेली," रंभा म्हणाली. "बुधवारी सकाळी."

मुखरू हलला नाही. त्याने गुलेर गळ्यातून काढली, पुन्हा घातली.

"आयकू नाई आलं," तो म्हणाला.

"तुमची माय..."

"नाल्याले पाणी लय हाय. आवाज येत नाई."

ती पाण्यात उतरली. तो दोन पावलं मागे सरकला आणि हात वर केला, राखणीत शिरणाऱ्या गुराला थांबवावं तसा.

"तिकडेच राहाय. धडधाकट हायेत ते बांधाले लागले. सकाळपासून. पानं जोडून आत बसून राह्यले." त्याने हातांचा चुना गवताला पुसला. "तिच्या हातची शेवटली अंडी हायेत, रंभा. हे खाली उतरू दे. मंग मोठ्यानं सांग. सगळ्याइसमोर सांग. तवा आयकतो."

रंभाला सांगायचं होतं की ती अंडीच खराब असतील. ते कोसे कदाचित जाळावे लागतील. तिने तोंड उघडलं होतं. पण तो वळला होता आणि पाठमोरा, एक हात झाडाच्या खोडावर ठेवून, उभा होता. ती पाण्यातून बाहेर आली.

सोमवारी श्रीहरीभाऊच्या अंगणात बैठक झाली. रंभाला पुन्हा विचारलं, मुखरूला कळलं का. ती म्हणाली, काल मी सांगितलं, त्याइले आयकू आलं नाई. देवाजी हसला, मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबला. केंद्राचा निरोप येईपर्यंत राखणीचा निर्णय थांबवायचा, असं ठरलं. वच्छलाने त्या दिवसापासून मुखरूचा डबा देणं बंद केलं. कोलू त्याला स्वतःच्या घरून भाकर नेतो.

गुरुवारपर्यंत निरोप आला नव्हता. मुखरूच्या राखणीत उरलेल्या अळ्यांपैकी बहुतेकांनी कोसे बांधले आहेत. काही अजून लटकत आहेत. बायनाबाईच्या घरातल्या भिंतीवरची अंडी कोणी खरवडलेली नाहीत. तीन-चार दिवसांत ती फुटतील. मुखरू अजून जंगलातच आहे.